गल्ल्यावरून : लाभ, दोन, तीन…

मागच्या अंकात वडिलांच्या दुकानातल्या पितळी तराजूबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि आमच्या पोस्टमनचं काम वाढवून ठेवलं. बऱ्याच पत्रांत प्रश्न तेच ते आहेत, म्हणून निवडून उत्तरं देते. नव्या वाचकांसाठी सांगते, माझा जन्म १९४५ चा. वाईत, घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचं किराणा दुकान होतं. मोठा भाऊ शिकायला साताऱ्याला होता, त्यामुळे शाळा सुटली की दिवेलागणीपर्यंत गल्ल्यावर मी. पुढे जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण माझं गणित फळ्यावर नाही, त्या गल्ल्यावर पक्कं झालं.

बाई, माझे सासरे अजून ‘चार आणे’, ‘बारा आणे’ असंच बोलतात. मुलं हसतात. रुपयात नेमके किती आणे, किती पैसे, किती पै? आणि ढब्बू पैसा म्हणजे काय? (एक वाचक, नाशिक)

सासऱ्यांचं काही चुकत नाही. पंचवीस पैशांचं नाणं सरकारनं २०११ च्या जूनअखेर चलनातून काढलं, तरी चार आणे मरायला तयार नाहीत. ‘चार आण्याची अक्कल नाही’ हे तुमची मुलंसुद्धा म्हणत असतील.

हिशेब सोपा आहे. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. ‘पै न पै चुकती केली’ यातली पै ती हीच. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. ढब्बू पैसा म्हणजे दोन पैशांचं तांब्याचं जाडजूड जुनं नाणं. माझ्या वेळी तो बाजारात फारसा दिसत नसे, आजीच्या बटव्यात एक होता. महायुद्धाच्या काळात निघालेला भोकाचा पैसा मात्र आम्ही करगोट्यात ओवून मिरवायचो.

आमच्या गल्ल्याच्या फळीला सहा खळगे होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, नाण्यांकडे बघायचे नाहीत. आणा कंगोऱ्यांचा, चवली चौकोनी, अर्धा आणाही चौकोनी पण लहान, पावली गोल. कंदिलाच्या उजेडात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता बोटांनी चाचपून मोड काढून द्यायचे.

आणि मग १ एप्रिल १९५७, सोमवार. नवा पैसा आला. रुपयाचे शंभर. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं शेजारी शेजारी चालणार होती, आणि आण्याचे होतात सव्वासहा नवे पैसे. सव्वा पैसा कुठून आणायचा? म्हणून सरकारनं तक्ता दिला : एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९, चारला २५. अण्णांनी तो तक्ता खळ लावून खांबावर चिकटवला. नवा दहाचा पैसाही कंगोऱ्यांचाच, त्यामुळे म्हातारी माणसं तो आणा समजून पुढे करायची आणि उरलेले परत घ्यायला तयार व्हायची नाहीत. पोर आपल्याला फसवतंय असं त्यांना वाटे.

त्याच आठवड्यातली गोष्ट. अण्णा मागे पोती लावत होते, गल्ल्यावर मी. रोजानं शेतावर जाणारी एक मावशी रोज संध्याकाळी यायची. तिची खरेदी ठरलेली, आण्याचं गोडं तेल, आण्याचा गूळ, आण्याची चहापूड. तेल तिच्या बाटलीत ओतलं, बाकीच्या पुड्या बांधल्या, खांबाकडे बघितलं आणि ऐटीत म्हणाले, “एकोणीस नवे पैसे.”

“आन्याला किती?”

“सहा.”

“मग सा, सा न् सा किती झालं गं पोरी?”

“अठरा. पण तक्त्यात एकोणीस लिहिलंय.”

“त्याल मी नेतीया का तुजा तक्ता?”

मी बारा वर्षांची, वर्गात गणितात पहिली. मागे हटणार कशी? म्हटलं, पैसा कमी पडतोय तर गूळ ठेव. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, गुळाची पुडी फळीवर ठेवली, बारा पैसे मोजले आणि गेली.

अण्णांनी मागून सगळं ऐकलं होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “पुड्या वेगळ्या बांधल्यास, माल वेगळा दिलास, मग हिशेब एकत्र कसा केलास?” आणि ती पुडी माझ्या हातात देऊन मला तिच्या घरी पिटाळलं. अंधारात, कुत्र्यांना घाबरत गेले. तिनं पुडी घेतली, सहा पैसे मोजून दिले, आणि गुळाचा खडा मोडून माझ्याच हातावर ठेवला. मला तो गिळवेना.

दुसऱ्या दिवसापासून तिनं रीतच पाडली. तेल घ्यायचं, सहा पैसे ठेवायचे. गूळ घ्यायचा, सहा पैसे ठेवायचे. कधी आण्याची डाळ वाढली तर चार वेळा सहा, म्हणजे चोवीस. पावली मोडली असती तर पंचवीस गेले असते. सहीच्या जागी अंगठा उठवणारी बाई, पण पूर्णांकात मांडताना सरकारची कुठे कसर राहते ते तिला आमच्या आधी कळलं होतं.

आमचे आजोबा धान्य मापताना ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. पुढे दोन, तीन नेहमीसारखं. तुमच्याकडेही असं होतं का? पायली, मापटं, चिपटं यांचा हिशेबही सांगा. (शेतकरी कुटुंबातला एक वाचक, लातूर)

होतं तर! पहिलं माप ओतताना ‘लाभ’, मग ‘दोन’, मग ‘तीन’. धान्य म्हणजे लक्ष्मी, तेव्हा मोजणी लाभापासून सुरू. आमच्या दुकानात मापायचं काम आईकडे. तिला आम्ही सगळी भावंडं ‘वहिनी’ म्हणायचो, कारण काका म्हणायचे. ती एका सुरात मोठ्यानं मोजायची, म्हणजे समोरचाही मनात मोजू शकतो. मध्येच कुणी बोललं तर तोच आकडा पुन्हा पुन्हा म्हणत राहायची, “नऊ, नऊ, नऊ, हो आले थांबा, नऊ.” अजून मला कुणी बोलताना अडवलं की माझं तसंच होतं.

कोष्टक असं : दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. हे सगळं आकारमान आहे, वजन नव्हे. गूळ, साखर, हळद मात्र तराजूत जायची, आणि तिथला शेर वेगळा, ८० तोळ्यांचा. त्याचा सोळावा भाग छटाक, आठवा नवटाक, मग पावशेर, अच्छेर. (नवटाक हा शब्द पुढे हातभट्टीच्या गुत्त्यावर जिवंत राहिला, किराणा दुकानातून गेला. शब्दांचंही नशीब असतं.) धान्याच्या मणात अठ्ठेचाळीस शेर आणि गुळाच्या मणात चाळीस! त्यात कच्चा शेर गावोगाव निराळा. बाहेरगावचा माणूस माल घ्यायला आला की आधी ‘तुमचा शेर कितीचा’ यावरच घटकाभर बोलणं चाले.

तुमच्या आजोबांना आणखी एक शब्द नक्की ठाऊक असणार, शीग. माप भरून काठावर जो निमुळता ढीग उभा राहतो ती शीग. ‘उत्साह शिगेला पोचला’ असं वर्तमानपत्रवाले रोज छापतात, त्यांतल्या किती जणांनी शीग पाहिली असेल देव जाणे. भाव ठरताना शीग धरून की सपाट, हे आधी बोललं जायचं. वहिनी शीग धरूनच द्यायची, आणि ओतताना दोन-चार दाणे मापाबाहेर सांडले तर तेही गिऱ्हाइकाच्याच पिशवीत सारायची.

सगळेच असे नव्हते. आमच्याच पेठेत एका दुकानात मापटं धरताना अंगठा आत असायचा. अंगठ्याएवढे दाणे दर मापाला कमी, वर्षाचे किती होतील ते तुम्हीच काढा. काहींकडे घ्यायची पायली मोठी आणि द्यायची लहान. ‘मापात पाप’ आणि ‘दांडी मारणे’ हे शब्द कुणी घरी बसून बनवले नाहीत, दुकानांतूनच आले. आताची मुलं कॉलेजला दांडी मारतात, तेव्हा मला तराजूचीच आठवते.

मग किलो आला. कायदा १९५६ चा, वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं, आणि १९६२ च्या एप्रिलपासून सक्तीनं. जुना शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटे किलोत जास्त मिळतं, आणि भाव ऐकला की वाटे महाग झालं. दोन्ही खरं. वहिनीला किलो कधी आवडला नाही. अंगठेवाल्यांची त्यानं पंचाईत केली हे तिला मान्य होतं, पण किलोला शीग नसते. काटा मध्यावर आला की हात थांबलाच पाहिजे. तिचा थांबायचा नाही, आणि अण्णांशी वाद व्हायचा.

आजीच्या पाटल्यांबरोबर सराफाची १९५१ सालची चिठ्ठी सापडली. तीत वजन ४ तोळे आहे. आज वजन करून घेतलं तर साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या वर भरलं. सोनं वाढलं कसं? (एक वाचक, ठाणे)

सोनं वाढलं नाही हो, तोळा लहान झाला. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. चार तोळ्यांचे ४६.६५६ ग्रॅम, म्हणजे तुमच्या आजीचा सराफ चोख होता. आज आपण बोलताना दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, त्या हिशेबानं तुमच्या पाटल्या साडेचार तोळ्यांच्या वर जातात. उलट बाजूनं बघा : लग्नात ‘पाच तोळे घातले’ म्हणून आज कुणी सांगितलं, तर जुन्या मापानं ते सव्वाचार तोळे आणि साधारण साडेतीन गुंजा भरतात.

गुंज म्हणजे ते लाल बी, काळ्या ठिपक्याचं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. आमच्या शेजारच्या सोनारकाकांच्या डबीत असायच्या. आम्ही त्या खेळायला मागायचो आणि ते कधीच द्यायचे नाहीत. विषारी असतात हे कारण सांगायचे, आणि ते खरंच आहे.

चिठ्ठी जपून ठेवा. पाटल्या कुणीही करेल.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी… आमच्या वडिलांना हे सगळं तोंडपाठ होतं. याचा व्यवहारात उपयोग होता की नुसती घोकंपट्टी? (एक शिक्षिका, सोलापूर)

शिक्षिका आहात म्हणून जरा सविस्तर सांगते. अपूर्णांकांच्या पाढ्यांच्या तुमच्या या यादीत औटकी राहिली. औट म्हणजे साडेतीन. एक औट औट, बे औट सात, त्रिक औट साडेदहा. ‘औट घटकेचं राज्य’ म्हणजे साडेतीन घटकांचं. घटका २४ मिनिटांची, तेव्हा एकूण ८४ मिनिटं. एवढा वेळ राज्य मिळालं तरी पुष्कळ म्हणायचं.

रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे सोळा छटाक असले की जग अर्ध्यात, पावात, अदपावात मोडतं. दशांश चिन्ह तिथे काही कामाचं नाही. दुकानात एक नियम होता : मणाला जितके रुपये, तितके आणे अडीच शेराला. गूळ सोळा रुपये मण असेल तर अडीच शेर गूळ सोळा आण्यांचा, म्हणजे रुपयाचा. कागद लागत नाही. वाठार स्टेशनवर उतरलेला माल ट्रकनं वाईत यायचा, भाव ट्रकवाल्याबरोबर कळायचा, आणि पोतं जमिनीला टेकायच्या आत अण्णांच्या तोंडून किरकोळ भाव निघालेला असायचा. अडीचकी तोंडपाठ होती म्हणून.

घोकंपट्टी होती का? होती. संध्याकाळी परवचा म्हणताना एक शब्द चुकला तर पहिल्यापासून. मला पाऊणकी कधी धड आली नाही, अजून येत नाही. पण मुलांना अपूर्णांक शिकवताना मला नेहमी जाणवलं, की ‘तीन-चतुर्थांश’ म्हटलं की त्यांचे चेहरे दगडी होतात, आणि ‘पाऊण’ म्हटलं की लगेच कळतं. पाऊण भाकरी त्यांनी खाल्लेली असते. माझं ऐकाल तर पाढे पाठ करून घेऊ नका, शब्द मात्र वर्गात राहू द्या.

डालड्याच्या डब्यांबद्दल लिहा ना! (बऱ्याच जणी)

पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. तूप संपलं की खरा डबा सुरू व्हायचा. डाळी, पापड, तुळस, न्हाणीघरातलं टमरेल, गल्लीतल्या पोरांचा ताशा. आमच्या घरी डालड्याला ‘तूप’ म्हणायची बंदी होती, ‘वनस्पती’ म्हणायचं, कारण आजी तिच्यासमोर तुपाचं नाव बाटवू द्यायची नाही. दिवाळीत करंज्या त्यातच तळल्या जायच्या आणि ती त्या खायची, पण शब्द नको. बास, याहून जास्त या विषयात काही नाही.

तेव्हा भेसळ नव्हती, स्वस्ताई होती, माणसं साधी होती. ते दिवस परत यावेत असं नाही वाटत? (निवृत्त वाचक, पुणे)

नाही वाटत.

भेसळ नव्हती, तर १९५४ साली भेसळ प्रतिबंधक कायदा कशासाठी करावा लागला? तांदळातले खडे निवडण्यात माझ्या आणि वहिनीच्या किती दुपारी गेल्या याचा हिशेब नाही. हळद घेताना अण्णा ती पाण्यात टाकून बघायचे, खाली काय बसतं ते कळावं म्हणून. स्वस्ताईचं म्हणाल तर, त्या मावशीला दिवसभराच्या खुरपणीचा रुपयासुद्धा मिळत नव्हता. तिला आण्याचं तेल स्वस्त नव्हतं, म्हणूनच ती आण्याचं घ्यायची. माझ्या वर्गात दोघींच्या तोंडावर देवीचे व्रण होते. सातवीनंतर आमच्यापैकी किती जणी शाळेत राहिल्या, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

माणसं साधी होती हेही पुरतं खरं नाही. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंडित नेहरू आले, आणि संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी पसरणी घाटात काळी निशाणं दाखवली. आमची वाई माणसांनी तुडुंब भरली होती. दुपारपर्यंत आमचे चुरमुरे, शेंगदाणे, गूळ सगळं संपलं. एका शेजाऱ्यानं त्या दिवशी शेंगदाण्याचा भाव दुप्पट लावला, स्वतः काळी फीत लावून!

मला हवंहवंसं वाटतं ते फार थोडं आहे. आढ्याला टांगलेल्या सुताच्या गुंडीचा पुडी बांधताना येणारा फिरफिर आवाज. घासलेट, गूळ आणि हिंग यांचा मिळून एक वास, जो माझ्या शाळेच्या परकरालाही यायचा. आणि अण्णांचं अक्षर.

ते रोजमेळ मोडीत लिहायचे. आकडे जुन्या रेघांच्या पद्धतीनं : रुपयापुढे उभी रेघ म्हणजे पावली, आडवी रेघ म्हणजे आणा. ‘चार’ लिहून पुढे एक उभी आणि दोन आडव्या रेघा काढल्या की चार रुपये सहा आणे झाले. अण्णा गेल्यावर मी आणि दादा माळ्यावरच्या लाल वह्या खाली काढल्या. मला मोडी अडखळत वाचता येते. १९५७ चा रोजमेळ उघडला, एप्रिल काढला. त्या मावशीच्या खात्यात उधारी एकदाही नव्हती, हे बघून बरं वाटलं. मग दिवसाच्या शेवटी काहीतरी बारीक लिहिलेलं दिसलं. गुळाची पुडी परत नेऊन दिली त्या रात्री होतं, दुसऱ्या दिवशी होतं, तिसऱ्या दिवशीही. खर्चाच्या बाजूला, ‘कसर’.

तक्त्याप्रमाणे एकोणीस यायचे, अठरा आले. राहिलेला एक पैसा अण्णा रोज रात्री स्वतःच्या खर्चात टाकत होते. पानभर उभ्या-आडव्या रेघा, आणि त्या एका ओळीत मात्र सरळ आकडा, ‘१ न. पै.’ नव्या पैशाला जुन्या हिशेबात रेघच नव्हती.